अजून नाही, हेही उत्तर असतं

अण्णा, तुमची नात परवा मला विचारत होती, "आई, यजमान म्हणजे नवराच ना?" दिल्लीत वाढलेली मुलगी. तो शब्द तिने फक्त माझ्या तोंडून, तिच्या बाबांबद्दल कुणाला सांगताना ऐकलेला. मी म्हटलं, नवरा तर यजमान असतोच, पण ज्याच्या घरी पाहुणे उतरतात तोही यजमान, आणि पूजेला सोवळं नेसून पाटावर बसतो तोही यजमान. ती म्हणाली, "अच्छा, म्हणजे होस्ट." आणि पुन्हा लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसली. मी मात्र कणीक तशीच टाकून उभी राहिले. आपल्या घरात हे तिन्ही यजमान एकच होते. पाहुणे तुमचे, पूजा तुमची, आणि आईचे यजमानही तुम्हीच. गुरुजी मंत्र म्हणायचे, तुम्ही 'मम' म्हणून पाणी सोडायचात, आणि आईने तुमच्या हाताला नुसतं बोट लावायचं. मी दाराशी उभी राहून बघायची. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तुम्ही ह्या नातीला पाहिलंही नाहीत, पण तुमच्याशी माझं धड भांडण असं एकदाही झालं नाही. माझी बोलायची पाळी यायच्या आत तुमचं बोलून झालेलं असायचं. आता तुम्हाला मध्ये बोलता येत नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

कागद पाठकोरे आहेत, तेवढं चालवून घ्या. मुलगी ऑफिसच्या कामाचं काहीबाही छापून आणते आणि वाचून झालं की टाकून देते. एका बाजूने कोरा कागद रद्दीत घालायला माझा हात होत नाही. दूधवाल्याचा, इस्त्रीवाल्याचा हिशोब मी ह्यावरच लिहिते. तर एका बाजूला तिचं इंग्रजी, चौकटी आणि बाण, आणि मागे तुम्ही.

ती नोएडात एका कंपनीत आहे. आठवड्यातले काही दिवस घरूनच काम करते, आमच्या जेवणाच्या टेबलावर. काय काम करते हे मला बरेच दिवस सांगता येत नव्हतं. समोरच्या फ्लॅटमधल्या पंजाबी काकूंनी विचारलं, "बिटिया क्या करती है जी?" मी कानावर पडलेलं सांगून मोकळी झाले, "कर्नल के लिए ड्राइवर लिखती है." त्यांनी त्यातलं 'लिखती' सोडून बाकी सगळं ऐकलं. "हाय राम, कर्नल की ड्राइवर? फौज में? इतना पढ़ा-लिखा के?" संध्याकाळपर्यंत लिफ्टमध्ये दोघीतिघींनी माझं सांत्वन केलं. एकीने तर मुलीच्या नावाने मंगळवार करा म्हणून सुचवलं. घरी सांगितलं तर ही हसून हसून खुर्चीवरून पडायची बाकी. मग म्हणाली, "बस इथे. तुला आज नीट सांगतेच. नाहीतर तू मला ट्रक चालवायला लावशील."

तिने सांगितलं ते मला समजलं तसं लिहिते. तुम्हाला समजेल न समजेल, पण ऐकून घ्या. एका कंप्युटरच्या पोटात हे लोक दुसरा कंप्युटर चालवतात. त्याला पत्रा नाही, तारा नाहीत, नुसता मनातला म्हणा ना. पण हे त्याचं त्याला ठाऊक नसतं. त्याला वाटतं, हे घर आपलंच. म्हणून त्याला म्हणायचं गेस्ट, पाहुणा. मी म्हटलं, "पाहुण्यालाच ठाऊक नाही की आपण पाहुणे?" ती म्हणाली, "बिल्कुल नाही." मी म्हटलं, "माहेरी मी तश्शी होते." "यार आई, तू प्रत्येक गोष्टीत माहेर आणतेस." तर ह्या पाहुण्याचं जे डोकं, त्याला कर्नल म्हणतात. बाहेरून कुणी कीबोर्ड लावला, पेनड्राइव्ह लावला, तर तो ह्या डोक्याला कळायला हवा. यूएसबीच्या वायरीवरच्या सगळ्यांशी बोलणारा एकच असतो, होस्ट कंट्रोलर. त्याला कसं चालवायचं हे कर्नलला शिकवायचं, म्हणजे ड्रायव्हर लिहायचा. ते ही लिहिते.

"आणि बाकीचे?" मी विचारलं.

"बाकीचे आपणहून कधीच बोलत नाहीत. नियमच आहे तसा. होस्ट विचारतो, काही आहे का? असलं तर द्यायचं."

"आणि नसलं तर?"

"तर नॅक."

"नाक?"

"नाक नव्हे गं, नॅक."

"म्हणजे नाक मुरडायचं असंच ना?"

"नाही ना! तेच सांगतेय. नॅक म्हणजे नकार नाही. त्याचा अर्थ, अजून नाही, परत विचार. मग होस्ट परत विचारतो. पुन्हा नॅक, पुन्हा विचारतो. त्याला राग येत नाही."

"किती वेळा?"

"हवं तितक्या वेळा," ती म्हणाली आणि माझ्याकडे बघून थांबली. "काय झालं? रडतेस काय?"

रडत नव्हते. कांदा चिरत होते असंही नाही. मला तुमची बाहेरची खोली दिसली.

तो दिवस मी तुम्हाला सांगायची गरज नाही, तुम्हीच तो जन्मभर लोकांना सांगत आलात. पण तुमचा दिवस वेगळा आणि माझा वेगळा. सरकारी क्वार्टर, बाहेरच्या खोलीत तुमची वेताची खुर्ची. मॅट्रिकचा निकाल लागलेला, आणि शाळेतल्या गणिताच्या बाई बस बदलून, उन्हातून आपल्या घरी आलेल्या. मी आत पोह्यांवर खोबरं घालतेय. बाई तुम्हाला म्हणतात, हिला पुढे घाला, हिचं डोकं हिशोबाचं आहे, कॉमर्स करील, बँकेत लागेल. तुम्ही म्हणता, "आमची ना ट्यूबलाइट आहे बाई. बटण दाबलं की घटकाभराने पेटते." बाई हसत नाहीत. मी बशा घेऊन दारात येते. बाई माझ्याकडे वळून सरळ विचारतात, "तुला शिकायचंय का गं पुढे?" मला असं सरळ कुणी कधी विचारलेलं नाही. आईला मदत कोण करील, बसचा पास, धाकट्याची शाळा, तुमचा चेहरा, सगळं एकदम डोक्यात आलं. मी एकेक बाजूला करत होते. उत्तर येत होतं, अण्णा. हातातल्या बशा वाजत होत्या, ते मला ऐकू येत होतं. आणि तुम्ही खुर्चीत मागे रेलून म्हणालात, "बघा. विचारलंत ना तुम्ही? तिचंच मन नाही. घ्या, पोहे घ्या."

बाईंनी पोहे अर्धे टाकले. जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवला. पुढच्या आठवड्यात तुम्ही करोल बागेत जाऊन मला पास झाल्याचं बक्षीस आणलंत, प्रेशर कुकर. "लग्नात कामाला येईल." आला. अजून येतो. त्याच्या कितीतरी रबरी रिंगा बदलल्या, शिट्टी बदलली, पण भांडं अजून तेच आहे. मी राग कधी त्याच्यावर काढला नाही, त्याचा काय दोष. राग मला कशाचा आहे, ते सांगते. तुम्ही मला शिकवलं नाहीत, ह्याचा तेवढा नाही. आमच्या वेळच्या पुष्कळ जणी शिकल्या नाहीत. राग आहे तो तुमच्या त्या गोष्टीचा. माझ्या लग्नात, धाकट्याच्या मुंजीत, सत्यनारायणाला, जो येईल त्याला तुम्ही सांगायचात, "आम्ही विचारलं होतं हो हिला. बाईंच्या देखत विचारलं. हीच काही बोलली नाही." आणि लोक माझ्याकडे बघून मान हलवायचे. तुम्ही खोटं बोलत नव्हतात, हीच तर तुमची लबाडी. मला विचारलं होतं, हे खरं. मी बोलले नाही, हेही खरं. मध्ये किती वेळ गेला, तेवढं मात्र तुम्ही कधी कुणाला सांगितलं नाहीत. एका श्वासाइतकाही नव्हता. आणि विचारलं होतं ते बाईंनी. तुम्ही तर ते स्वतः विचारलंही नव्हतंत.

देवासमोर बसते तेव्हा मी हा राग बाहेर ठेवून बसायचा प्रयत्न करते. स्तोत्र म्हणताना तो चपलेसारखा दाराबाहेर असतो आणि उठले की पुन्हा पायात. आईला मी क्षमा केली, सासूबाईंना केली. तुमची पाळी आली की अडतं.

आता ह्या महिन्यातलं सांगते. मुलीच्या टेबलावर एक छोटी डबी आली. रेशनच्या दुकानात अंगठा लावायचं यंत्र असतं, तसली. त्यांच्या कुठल्याशा गिऱ्हाइकाला ती हवी होती, आणि ती त्या पाहुण्या कंप्युटरला दिसायला हवी होती. हिने स्वतःचा अंगठा लावला, चाललं. ह्यांनी लावला, चाललं. मग म्हणाली, "आई, तू लाव." मी म्हटलं, माझा कशाला, माझा तर बँकेतसुद्धा उठत नाही. भांडी घासून, दळण निवडून बोटांवरच्या रेषाच गेल्यात. ती म्हणाली, "म्हणूनच लाव." लावला. डबीतला दिवा लुकलुकत राहिला, लुकलुकत राहिला आणि तिच्या पडद्यावर लाल अक्षरं आली. पाहुण्याच्या घरातून डबी नाहीशीच झाली. जणू कुणी लावलीच नव्हती. पुन्हा लावला, पुन्हा तेच. दुपारभर मी तिथे बसून होते, गवारीच्या शेंगा मोडत, आणि मध्येमध्ये हात पुसून अंगठा देत. "आई, तू माझी बेस्ट टेस्ट केस आहेस," ती म्हणाली. मला आयुष्यात कुणी कशात बेस्ट म्हटलं ते हेच.

मग तिच्या वरच्या साहेबांचा फोन आला. तिने स्पीकरवर ठेवला, कारण हात कामात होते. ते म्हणाले, "यार, डिवाइस ही खराब है. डेड मार्क करो, आगे बढ़ो."

ही म्हणाली, "सर, डेड नहीं है. जवाब दे रहा है."

"क्या जवाब दे रहा है?"

"बोल रहा है, अभी नहीं."

"तो ये कोई जवाब हुआ?"

मी शेंग तशीच हातात धरून बसले होते. मग ही म्हणाली, "हाँ सर. यही जवाब होता है. ड्राइवर मेरा ही गलत है. मैंने टाइम बाँध दिया था. उतने में पूरा जवाब नहीं आया तो मैंने ही मान लिया कि गया. फिर लाइन काट के रीसेट. वो बेचारा बोल ही रहा था."

साहेब काहीतरी पुटपुटले, सोमवारपर्यंत बघ म्हणाले. हिने फोन ठेवला आणि आपल्याच लिहिण्यातली ती जागा मला दाखवली. मला काय कळणार, दोन ओळी. "हे बघ, इथे मी गधेपणा केला. त्याच्या गप्प बसण्याला मी 'नाही' समजले. तो गप्पसुद्धा नव्हता." तिने त्या ओळी काढल्या, काही दुसऱ्या घातल्या, बराच वेळ खटाटोप केला, चिडली, चहा प्यायली. मग म्हणाली, "लाव." मी लावला. दिवा लुकलुकत राहिला. मला सवयीने वाटलं, आता लाल येणार. मी अंगठा काढायला लागले तर ही ओरडली, "राहू दे! तुला घाई नाही, त्याला घाई नाही." आणि खूप वेळाने, म्हणजे मला खूप वाटला, पडद्यावर माझ्या अंगठ्याचं चित्र उमटलं. रेषा पुसट, मध्येमध्ये तुटलेल्या, पण माझ्याच. तिने टाळी वाजवली. ह्यांनी पेपर खाली ठेवून विचारलं, "काय झालं?" ती म्हणाली, "आई पास झाली."

अण्णा, ती चूक तुमच्या नातीने केली. तुम्ही केलीत तीच. तिला ती एका दुपारी दिसली आणि तिने चारचौघांत 'माझीच' म्हणून सांगितली. तुम्हाला अख्खं आयुष्य मिळालं होतं.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते. सर्वपित्री अमावास्या जवळ आली. तुमचं श्राद्ध दरवर्षी धाकटा करतो, बंगळूरला. तुम्ही त्याला इंजिनिअर केलंत, त्याची फेड म्हणा. ह्या वर्षी त्याला परदेशी जायचं आहे. फोन आला, "ताई, ह्या वेळी तू करून टाक ना दिल्लीत. मी गुरुजींशी बोललोय. हल्ली मुलीही बसतात, त्यांची काही हरकत नाही. यजमान म्हणून तूच बसायचं, दाजींची गरज नाही." मी फोन कानाला धरून उभी. यजमान म्हणून मी. पाटावर मी, दर्भ माझ्या बोटात, पाणी मी सोडायचं आणि ते तुम्हाला पोचायचं. तुम्हाला, ज्यांनी मला पोह्यांच्या बशा हातात देऊन दारातच ठेवलं. मी देवाधर्माची बाई आहे. तहानलेल्याला पाणी नाही म्हणणं किती वाईट, हे मला कुणी सांगायला नको. तुमच्या वाटचं पाणी चुकलं तर ते माझ्या माथी, हे मी समजून आहे. आणि तरी माझ्या तोंडून हो येईना. मी एकेक बाजूला करत होते, तशीच, तेव्हासारखी.

धाकटा म्हणाला, "चलो, काही बोलत नाहीस म्हणजे हो समजतो."

हुबेहूब तुमचा आवाज. खुर्चीत मागे रेललेला.

"नाही," मी म्हटलं. "हो समजू नकोस."

"म्हणजे नाही?"

"'नाही'सुद्धा समजू नकोस. अजून उत्तर नाही. परत विचार."

तो हसला. "ताई, अण्णा म्हणायचे ते काही खोटं नाही हं. तू ट्यूबलाइटच."

मी म्हटलं, "असेन. पण बटण एकदाच दाबून खोलीतून निघून जायचं आणि वर लाइट खराब आहे म्हणून गावभर सांगायचं, हे तुमच्या घराण्यातच शिकवतात." आणि फोन ठेवला. देवघरात जाऊन बसले, पण त्या दिवशी स्तोत्र मध्येच विसरले.

तुम्हाला वाटेल, ही आता ह्या वयात हक्क मागायला निघाली, शिक्षणावरून, पाटावरून. तसं नाही. एक गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नाही, ह्यांनाही नाही. बाईंनी विचारलं तेव्हा जे उत्तर येत होतं, ते काय होतं हे मला ठाऊक नाही. मुलीला मी सांगते, मला शिकायचं होतं गं. आणि ती हळहळते. पण खरं सांगायचं तर कदाचित मी नाहीच म्हटलं असतं. मला बसची भीती वाटायची. आईला सोडवत नव्हतं. कदाचित नाहीच. पण ते माझं 'नाही' झालं असतं. तुम्ही ते माझ्या तोंडात ठेवलंत, आणि म्हणून मला इतकी वर्षं ते ना गिळता आलं ना टाकता. मी तुमच्याकडून कॉलेज मागत नाही. दुसऱ्यांदा विचारणं मागते, आणि ते आता तुम्हाला देता येत नाही.

आज सकाळी धाकट्याचा परत फोन. म्हणाला, "ताई, परत विचारतोय." बहुतेक भाचीनेच मामाला कान पिळून सांगितलं असणार, आवाज पढवलेला होता. तरी त्याने विचारलं. मी म्हटलं, "अजून नाही." त्यावर तो काही शहाणपणा करील म्हणून मी वाट बघितली. तो म्हणाला, "बरं. उद्या करतो." एवढंच. ठेवला फोन. आपल्या घरात असं कुणी म्हणू शकतं, हे मला माहीत नव्हतं.

हे कुठे टाकायचं नाही, तुमचा पत्ता तर कावळ्यालाच ठाऊक. स्वयंपाकघरातल्या फळीवर, कुकरच्या खाली, ह्या कागदांची घडी घालते. तुमची बाजू खाली, मुलीचे चौकटी-बाण वर. तेलाचे डाग पडले की कागद आपोआप बदलले जातील.

काल वाण्याकडून येताना काळे तीळ आणले. आणून ठेवलेत, एवढंच. त्यावरून काही समजू नका.